हवा भरली, रिसेट केलं, तरी दिवा परत लागला: पिकअपच्या टायर सेन्सरचं काय करायचं

डिसेंबरातली पहिली कडक थंडी पडली की माझे फोन सुरू होतात. मी मिशिगनमध्ये, डेट्रॉइटच्या बाहेरच्या एका उपनगरात राहतो. माझ्याकडे २०१५ चा शेवरोले सिल्व्हरॅडो १५०० हा पिकअप ट्रक आहे. उन्हाळ्याची आणि हिवाळ्याची चाकं मी घरीच ड्राइव्हवेत बदलतो, हे इथल्या मराठी मंडळींना ठाऊक आहे. त्यामुळे प्रश्नही ठरलेला असतो: "अरे, टायरच्या हवेचा तो घोड्याच्या नालासारखा पिवळा दिवा परत लागलाय. परवाच हवा भरली होती. रिसेट कसा करायचा?"

मी आधी उलट विचारतो, हवा मोजलीस का? पंपावरच्या यंत्राने नव्हे, स्वतःच्या गेजने (हवेचा दाब मोजायच्या मापकाने), चारही चाकांची, सकाळी गाडी जागची हलवण्याआधी? बहुतेक वेळा उत्तर "नाही" असतं. आणि बहुतेक वेळा दिवा खरं बोलत असतो.

हे इतकं ठासून लिहायला कारण आहे. काही वर्षांपूर्वी एका टायरच्या दुकानात मी चाकांची अदलाबदल करून घेतली, म्हणजे पुढची मागे आणि मागची पुढे. आठवड्याभराने डॅशबोर्डच्या पडद्यावर पुढच्या डाव्या टायरची हवा २७ दिसायला लागली. मी कॉम्प्रेसर काढला, त्या चाकात हवा भरली. आकडा २७ च. पुन्हा भरली, तरी २७. शेवटी गेज लावून बघितलं तर त्या टायरमध्ये ४३ पीएसआय (दाबाचं माप, दर चौरस इंचाला पौंड) भरले होते! मग एकेक करत चारही चाकं मोजली. खिळा मागच्या डाव्या चाकात होता, आणि २७ तिथे होते. दुकानाने चाकं हलवली, पण ती हलवल्याचं ट्रकला सांगितलंच नाही. ट्रकच्या लेखी तो सेन्सर अजून पुढेच बसलेला होता. तोवर त्याच ट्रकमधून मी मुलांना घेऊन हायवेवर ताशी ७० मैलांनी दोनदा जाऊन आलो होतो. मागचं एक चाक बसत चाललेलं आणि पुढचं एक टम्म फुगलेलं. ते आठवलं की आजही पोटात गोळा येतो.

म्हणून पहिला नियम असा. आधी गेज, मग पडदा, आणि रिसेट सगळ्यात शेवटी.

आधी दिवा नीट बघा

गाडी सुरू केल्यावर हा दिवा दोन प्रकारे वागतो आणि पुढचं सगळं त्यावरच ठरतं. लागला आणि लागूनच राहिला, तर एखाद्या टायरमध्ये हवा कमी आहे. आधी मिनिटभर उघडझाप केली आणि मग लागून राहिला, तर बिघाड यंत्रणेत आहे. बहुतेक वेळा तिला एखादा सेन्सर सापडत नसतो. ही उघडझाप अमेरिकेच्या नियमातच ६० ते ९० सेकंदांची ठरवून दिलेली आहे. दोष आहे तोवर दर वेळी गाडी सुरू केली की ती पुन्हा होते.

गंमत अशी की आपण गाडी सुरू करतो, पट्टा लावतो, आरसे बघतो, काचेवरचं बर्फ खरवडायला खाली उतरतो आणि तेवढ्यात ते मिनिट निघून जातं. नंतर दोन्ही दिवे सारखेच दिसतात. म्हणून उद्या सकाळी इंजिन सुरू करा आणि दीड मिनिट नुसते त्या दिव्याकडे बघत बसा. फोनवर व्हिडिओ घेऊन ठेवला तर आणखी बरं, मेकॅनिकला दाखवता येतो.

हा दिवा गाड्यांमध्ये आला कसा, तेही थोडक्यात सांगतो, कारण त्यातून त्याचा स्वभाव कळतो. टायर फुटून गाड्या उलटण्याच्या अपघातांनंतर अमेरिकेत २००० साली कायदा झाला, आणि १ सप्टेंबर २००७ पासून बनलेल्या सगळ्या हलक्या गाड्यांना ही यंत्रणा सक्तीची झाली. हलकी म्हणजे पूर्ण भारासह १०,००० पौंडांपर्यंतची. १५०० वर्गातले सगळे पिकअप त्यात येतात, तर मोठे ३५०० वर्गातले बरेच ट्रक त्या मर्यादेच्या वर जातात. दिवा कधी लागावा तेही ठरलेलं आहे: ड्रायव्हरच्या दारापाशी चिकटवलेल्या पट्टीवरच्या आकड्यापेक्षा हवा २५ टक्के कमी झाली की. म्हणजे दिवा लागतो तेव्हा हवा जराशी उतरलेली नसते. चौथा हिस्सा गेलेला असतो. "चालवू अजून आठवडाभर" म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

थंडीचा हिशेब

दर हिवाळ्यात दिवा परत का येतो, याचं उत्तर साध्या गणितात आहे. तापमान १० अंश फॅरनहाइटने, म्हणजे साधारण साडेपाच सेल्सिअसने उतरलं की टायरमधला दाब सुमारे १ पीएसआयने उतरतो.

समजा, ऑक्टोबरातल्या एका उबदार दुपारी, २१ सेल्सिअसला, तुम्ही पट्टीप्रमाणे ३५ पीएसआय भरले. रबरातून महिन्याला एखादा पीएसआय तसाही झिरपतो. जानेवारीपर्यंत ३५ चे ३२ झाले. मग एक दिवस उणे २० ची सकाळ उजाडते. आतली तीच हवा आक्रसते आणि गेज साडेपंचवीस दाखवतो. ३५ मधून २५ टक्के वजा केले तर सव्वासव्वीस उरतात. आपण त्याच्याही खाली आलो, म्हणून दिवा लागला. कुठे पंक्चर नाही की सेन्सर बिघडलेला नाही.

पुढे हायवेवर अर्धा तास गेलात की टायर तापतात, दाब तीन-चार पीएसआयने चढतो आणि दिवा विझतो. इथेच माणूस फसतो. "बघ, आपोआप गेला, म्हणजे सेन्सरच वेडा आहे," असं म्हणून सोडून देतो. पट्टीवरचा आकडा थंड टायरचा असतो, म्हणजे गाडी किमान तीन तास उभी असताना मोजलेला. सकाळचा आकडा खरा, दुपारचा नव्हे.

याच गणिताचा दुसरा फास उबदार गॅरेजचा. गॅरेजात १८ अंशांत बरोब्बर ३५ भरले आणि ट्रक बाहेर उणे १५ मध्ये नेऊन उभा केला, तर टायर गार पडेपर्यंत साडेएकोणतीसच उरतात. तेव्हा हिवाळ्यात हवा बाहेरच भरा, सकाळीच भरा, हात गारठले तरी चालेल. आणि टायरच्या कडेवर छापलेला मोठा आकडा बघून भरू नका. ती त्या टायरची कमाल मर्यादा असते. तुमच्या ट्रकचा आकडा दारापाशीच असतो.

हवा बरोबर भरून दहा-वीस मिनिटं चालवल्यावर दिवा गेला, तर काम संपलं. यात रिसेट करण्यासारखं काही नव्हतंच. उभ्या चाकातले सेन्सर वीज वाचवायला झोपलेले असतात. चाक फिरायला लागलं की ते जागे होऊन अधूनमधून आकडा पाठवतात, म्हणून दिवा विझायला थोडं अंतर जावं लागतं. राम १५०० च्या माहितीपुस्तकात तर स्पष्टच लिहिलेलं असतं की ताशी १५ मैलांपेक्षा जास्त वेगाने वीस मिनिटांपर्यंत चालवावं लागेल. पंपापासून घरापर्यंतच्या दोन सिग्नलांत दिवा गेला नाही म्हणून घाबरू नका.

"रिसेट" म्हणजे नेमकं काय

या एका शब्दाखाली तीन वेगळी कामं लपलेली आहेत. ज्याला एक हवं असतं तो दुसरंच करून बसतो. दिवा पुन्हापुन्हा येण्याचं, थंडीच्या खालोखाल सगळ्यात मोठं कारण मला हेच दिसतं.

पहिलं काम म्हणजे "आत्ता टायरमध्ये आहे ती हवा बरोबर आहे, हिच्याशी तुलना कर" असं गाडीला सांगणं. २००५ ते २०१५ च्या टोयोटा टॅकोमात यासाठी स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला एक बटण असतं. किल्ली चालू करून ते दाबून धरायचं, दिवा सावकाश तीनदा मिचकावला की सोडायचं. पण या बटणाला बरोबर-चूक कळत नाही. चारही टायर २६ वर असताना ते दाबलंत, तर ट्रक २६ लाच पूर्ण हवा समजायला लागेल आणि टायर पार बसेपर्यंत गप्प राहील. दिवा घालवायचा म्हणून हे बटण दाबणं म्हणजे धूर दिसतोय म्हणून डोळे मिटून घेणं. आधी चारही टायर गेजने मोजून भरा, मगच बटणाला हात लावा.

दुसरं काम जागा शिकवण्याचं. सेन्सर तेच, पण चाकांची अदलाबदल झाली. कोणता सेन्सर कोणत्या कोपऱ्यात आहे, ते ट्रकला नव्याने सांगायचं. माझ्या खिळ्याच्या प्रकरणात हेच राहून गेलं होतं.

तिसरं काम नव्या सेन्सरची ओळख नोंदवण्याचं. प्रत्येक सेन्सरचा स्वतःचा क्रमांक असतो आणि तो क्रमांक ट्रकच्या वहीत नसेल तर सेन्सर कितीही ओरडला तरी ट्रक त्याचं ऐकत नाही. जीएम (शेवरोले बनवणारी जनरल मोटर्स) आणि फोर्डच्या पिकअपमध्ये दुसरं आणि तिसरं काम एकाच कृतीत उरकतं. टॅकोमात मात्र नवा क्रमांक त्या बटणाने नोंदवला जात नाही. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला यंत्र जोडून तो आत लिहावा लागतो. नवे सेन्सर बसवून घेऊन महिनाभर बटण दाबत बसलेला एक ओळखीचा माणूस माझ्याकडे आला होता. बटणात काही दोष नव्हता. ते बटण त्या कामाचंच नव्हतं.

सिल्व्हरॅडोला चाकं ओळखायला शिकवणं

२०१४ ते २०१८ च्या सिल्व्हरॅडोत मी वर्षातून दोनदा हे करतो, म्हणून सविस्तर लिहितो. यासाठी ईएल-५०४४८ नावाचं एक छोटं यंत्र लागतं. हातात मावेल एवढं, वर बोटभर अँटेना आणि एक बटण. त्याच्या नकला ऑनलाइन स्वस्तात मिळतात आणि माझी नक्कलही व्यवस्थित चालते आहे. ते फक्त १२५ किलोहर्ट्झची हाक मारून सेन्सरला जागं करतं. पुढचं बोलणं सेन्सर आणि ट्रक यांच्यातलं.

हँडब्रेक लावा. इंजिन सुरू न करता किल्ली चालूवर आणा. स्टिअरिंगवरच्या बटणांनी टायरच्या हवेचं पान उघडा आणि मधलं बरोबरच्या खुणेचं बटण दाबून धरा. सुरुवात करायची का, असं ट्रक विचारेल. हो म्हणा. हॉर्न दोनदा वाजेल आणि पडद्यावर टायर शिकण्याची सूचना येईल. आता घड्याळ सुरू झालं. पहिल्या चाकासाठी दोन मिनिटं, चारही मिळून पाच. वेळ संपली तर सगळं पहिल्यापासून.

क्रम ठरलेला आहे: पुढचं डावं, पुढचं उजवं, मागचं उजवं, मागचं डावं. म्हणजे ड्रायव्हरच्या चाकापासून निघून ट्रकला एक प्रदक्षिणा. यंत्र टायरच्या कडेला, व्हॉल्व्हच्या शेजारी, रिमच्या काठाजवळ टेकवा आणि बटण दाबा. हॉर्न एकदा वाजला की ते चाक झालं, पुढच्याकडे चला. शेवटच्या चाकाला हॉर्न दोनदा वाजतो. किल्ली बंद करा आणि चारही टायर पट्टीप्रमाणे भरून घ्या.

वाचायला सोपं आहे. आता जिथे बिघडतं ते सांगतो.

एकदा नोव्हेंबरात मी उन्हाळ्याची चाकं काढून हिवाळ्याची चढवत होतो. मागचं उजवं काढलेलं चाक मी नव्या चाकालाच टेकवून उभं केलं होतं. हात काळे झालेले, अंधार पडायला लागलेला. शिकवणी सुरू केली, चारही हॉर्न वाजले, आवरलं. दुसऱ्या दिवशी दोन-तीन मैल गेल्यावर मागच्या उजव्या कोपऱ्यातला आकडा जाऊन तिथे नुसत्या रेघा आल्या आणि त्यानंतर गाडी सुरू करताना दिव्याची उघडझाप सुरू झाली. यंत्राची हाक शेजारच्या, काढून ठेवलेल्या चाकापर्यंत पोचली होती. तोच सेन्सर आधी बोलला आणि ट्रकने त्याचाच क्रमांक लिहून घेतला. ते चाक आता गॅरेजात, आणि ट्रक रस्त्यावर. तेव्हापासून काढलेली चाकं आधी गॅरेजाच्या आतल्या भिंतीपाशी जातात, मगच मी यंत्राला हात लावतो.

दुसरी खूण याहून बारीक आहे. शिकवणी चालू असताना तुम्ही बटण दाबलेलं नसताना हॉर्न वाजला, तर तिथेच थांबा. ट्रकने शेजारून जाणाऱ्या दुसऱ्या गाडीचा सेन्सर आपला समजून लिहून घेतलेला असू शकतो. किल्ली बंद करून पुन्हा सुरुवात करायची. आमच्या गल्लीत संध्याकाळी सहाला सगळे कामावरून परततात, म्हणून मी हे काम रविवारी सकाळी करतो.

फोर्ड एफ-१५० मध्ये प्रदक्षिणा तीच, सुरुवात वेगळी. २००९ ते २०१४ च्या किल्लीवाल्या ट्रकांत किल्ली बंद ठेवून ब्रेक दाबून सोडायचा, किल्ली बंद-चालू अशी तीनदा फिरवून शेवटी चालूवर ठेवायची, पुन्हा ब्रेक दाबून सोडायचा, किल्ली बंद करायची, आणि पुन्हा तीनदा बंद-चालू करून चालूवर थांबायचं. मध्ये रेंगाळायचं नाही. हॉर्न एकदा वाजतो आणि पडद्यावर पुढच्या डाव्या टायरचं नाव येतं. फोर्डच्या सेन्सरला फोर्डचंच यंत्र लागतं. माझं जीएमचं यंत्र मित्राच्या एफ-१५० ला लावून आम्ही अर्धा तास घालवला, एकदाही हॉर्न वाजला नाही.

यंत्राऐवजी व्हॉल्व्हमधून हवा सोडून सेन्सर जागा करायची युक्ती जुन्या जीएम ट्रकांच्या माहितीपुस्तकात होती. ती ऐकून लोक आजही नव्या ट्रकची हवा सोडत बसतात. तुमच्या वर्षाच्या पुस्तकात ती युक्ती असेल तरच करा.

तरीही दिवा परत येतो तेव्हा

हवा बरोबर, जागा बरोबर, तरी आठ-पंधरा दिवसांनी एकाच टायरचा आकडा उतरतो, तर हवा कुठून तरी जाते आहे. इथे गावाकडचा पंक्चरवाला आठवावा. हवा भरून झाली की तो बोटाने थुंकी लावून व्हॉल्व्हवर बुडबुडा येतो का बघायचा. तत्त्व तेच, फक्त आपण स्प्रेच्या बाटलीत साबणाचं पाणी घेऊ. आधी व्हॉल्व्हच्या तोंडावर, मग व्हॉल्व्ह रिममधून जिथे बाहेर येतो त्या मुळाशी, मग टायरच्या नक्षीवर, आणि शेवटी रिमच्या कडेला पूर्ण गोल. घाई करू नका. मोठं भोक लगेच फेसाळतं, पण बारीक गळतीला दोन-तीन मिनिटं लागतात. पांढऱ्या मोहरीसारख्या बारीक बुडबुड्यांची एक ओळ हळूहळू धरत जाते, ती बॅटरीच्या प्रकाशात तिरक्या बाजूने बघितली तरच दिसते.

आमच्याकडे ती ओळ बहुतेक रिमच्या कडेलाच मिळते. हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात. ते अॅल्युमिनियमच्या रिमला खातं, रंगाखाली पांढरी पूड धरते, आणि टायर जिथे रिमला चिकटून बसतो तिथली जागा खडबडीत होते. यावर रिसेटचा काही उपयोग नाही. टायर उतरवून ती कड घासून साफ करून, सीलर लावून पुन्हा बसवावा लागतो.

मिठाचं दुसरं गिऱ्हाईक म्हणजे व्हॉल्व्ह. अनेक सेन्सरचा व्हॉल्व्ह अॅल्युमिनियमचा असतो. त्यात साधा पितळी गाभा (हवा अडवणारा आतला छोटा भाग) बसवला, तर दोन धातू आणि मीठपाणी मिळून तो आत जखडून टाकतात. एक दिवस पकडीने फिरवायला जाता आणि व्हॉल्व्हच तुटून हातात येतो, हवेसकट सेन्सर गेला. गाभा निकेलचा मुलामा दिलेला, रुपेरी दिसणारा हवा, आणि टोपी साधी प्लॅस्टिकची. चकचकीत धातूच्या टोप्या कुणी भेट दिल्या तरी लावू नका. नवा टायर बसवताना व्हॉल्व्हचं रबर, नट, गाभा आणि टोपी बदलायला सांगा. हा किरकोळ खर्च आहे आणि तो टाळल्यानेच पुढे सेन्सर तुटतात.

आता उघडझाप करणाऱ्या दिव्याकडे येऊ. ट्रक सात-आठ वर्षांचा झाला असेल, तर पहिला संशय सेन्सरच्या बॅटरीवर घ्या. ती आत कायमची बंद केलेली असते, बदलता येत नाही, आणि पाच ते दहा वर्षं टिकते. ती एका झटक्यात मरत नाही. आधी कडाक्याच्या सकाळी एका कोपऱ्यात रेघा दिसतात, दुपारी ऊन पडलं की आकडा परत येतो. महिन्याभराने रेघा वाढतात. असं दिसायला लागलं की पुन्हापुन्हा शिकवणी करून काही होत नाही. टायरच्या दुकानात सेन्सर वाचणारं यंत्र असतं, ते चाकाला लावून क्रमांक येतो का, बॅटरी कमी दाखवते का, हे पाच मिनिटांत बघून घ्या. चारही सेन्सर एकाच वयाचे असतात, एक गेला की बाकीचे मागोमाग जातात. टायर बदलायला झालेच असतील तर चारही एकदम बदला. टायर उतरवण्याची मजुरी एकदाच पडते.

नवे सेन्सर घेताना रेडिओची फ्रिक्वेन्सी जुळवून घ्या. अमेरिकेतल्या गाड्यांत ३१५ आणि ४३३ मेगाहर्ट्झ असे दोन प्रकार चालतात आणि दिसायला दोन्ही सारखेच असतात. चुकीचा सेन्सर यंत्राच्या हाकेला ओ देईल, पण ट्रकला त्याचं काही ऐकू येणार नाही. हॉर्न वाजणारच नाही.

चारही कोपऱ्यांत एकदम रेघा आल्या, तर चार सेन्सर एकाच दिवशी मेले असं समजू नका. माझ्या पिढीच्या सिल्व्हरॅडोत दाराच्या रिमोटचं ऐकणारा रिसीव्हरच टायरचंही ऐकतो. म्हणून रिमोटही लांबून चालेनासा झालाय का ते बघा. झाला असेल तर सिगारेट लायटरच्या सॉकेटमधला चार्जर, डॅशकॅम, बाहेरून आणून बसवलेले एलईडी दिवे, सगळं उपटून एक दिवस चालवून बघा. स्वस्त चार्जरच्या गोंगाटात सेन्सरचा क्षीण आवाज बुडून जातो.

स्टेपनी लावली असेल, तर तिच्यात सहसा सेन्सर नसतोच, तेव्हा उघडझाप होणारच. मूळ चाक दुरुस्त होऊन परत बसलं की ती जाते. पंक्चरसाठी डब्यातला फेस मारला असेल, तर सेन्सरचं बारीक भोक त्याने बुजू शकतं. दुकानदाराला तसं आधीच सांगा, म्हणजे टायर उतरवल्यावर तो पुसून घेईल.

दोन उपाय लोक आवर्जून सुचवतात, त्यांबद्दल माझं मत सांगतो. हिवाळ्याच्या चाकांतल्या सेन्सरमध्ये उन्हाळ्याच्या सेन्सरचेच क्रमांक भरून घेता येतात. असे कोरे सेन्सर मिळतात. मग वर्षातून दोनदा शिकवणी करायलाच नको, ट्रकला फरक कळतच नाही. हा उपाय चांगला आहे. दुसरा उपाय म्हणजे चारही जुने सेन्सर प्लॅस्टिकच्या जाड पाइपात घालून, त्यात हवा भरून, तो पाइप सीटखाली टाकून द्यायचा, म्हणजे ट्रक कायम खूश. हे कृपा करून करू नका. टायर खरोखर बसेल त्या दिवशी सीटखालचा पाइप ३५ च दाखवत राहील, आणि मागे ट्रेलर जोडलेला असेल तर कळेपर्यंत उशीर झालेला असेल.

भारतातून विचारणाऱ्यांसाठी एक गोष्ट. तिकडच्या काही गाड्यांत चाकात सेन्सरच नसतो. ब्रेकच्या एबीएसचे (चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचे) सेन्सर चाकांची गती मोजतात आणि एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त वेगाने फिरायला लागलं की त्यावरून हवा कमी झाल्याचं ताडतात. अशा गाडीत आकडा दिसत नाही, नुसता दिवा लागतो. तिथलं रिसेट वर सांगितलेल्या पहिल्या कामासारखं आहे: हवा भरल्यावर, टायर बदलल्यावर, अदलाबदल केल्यावर करायचं, आणि चारही टायर बरोबर असतानाच.

शेवटी, शिकवणी नीट झाली की नाही हे तपासायची माझी पद्धत. हॉर्न चारदा वाजला म्हणून मी विश्वास ठेवत नाही. मैलभर चक्कर मारून येतो, टायरच्या हवेचं पान उघडं ठेवतो, आणि एका चाकाच्या व्हॉल्व्हची सुई दाबून चार-पाच पीएसआय हवा सोडतो. अचानक दाब उतरला की सेन्सर लगेच बोलतो. पडद्यावर त्याच कोपऱ्यातला आकडा उतरला तर ते चाक बरोबर लागलं. मग कर्णावरच्या दुसऱ्या चाकाचं तसंच. आकडा भलत्याच कोपऱ्यात हलला, तर काढलेली चाकं आणखी लांब न्यायची, यंत्र हातात घ्यायचं आणि पुढच्या डाव्या चाकापासून पुन्हा सुरू करायचं. सोडलेली हवा परत भरायला विसरू नका.